लॉस एंजेलिसच्या जुन्या खुणा जपणारा छायाचित्रकार

लॉस एंजेलिस म्हटले की हॉलिवूड, रुंद महामार्ग आणि मोटारींच्या न संपणाऱ्या रांगा डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य टोकावरील या महानगराला फारसा भूतकाळ नसावा, अशीच अनेकांची समजूत असते. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे काढलेली छायाचित्रे पाहिली की निराळेच गाव समोर उभे राहते. कच्च्या विटांची बसकी घरे, मधोमध चौक, चौकालगत जुने चर्च, धुळीने भरलेले रस्ते आणि गावाबाहेर, मोकळ्या माळावर, पडझड झालेल्या स्पॅनिश मिशनांच्या भिंती. कौले निघून गेलेली छपरे, पावसाने विरघळत चाललेली माती आणि कमानींच्या सावलीत बांधलेली गुरे असे त्या वास्तूंचे चित्र होते. त्यांपैकी काही वास्तू आजही उभ्या आहेत. त्या उभ्या राहिल्या याचे मोठे श्रेय ज्याला जाते, तो माणूस व्यवसायाने पत्रकार, छंदाने छायाचित्रकार आणि स्वभावाने विलक्षण हट्टी होता. त्याचे नाव चार्ल्स फ्लेचर लमिस.

लमिस यांचा जन्म १ मार्च १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील लिन या गावी झाला. ते अवघे दोन वर्षांचे असताना आईचे निधन झाले. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक आणि शिक्षक होते. त्यांनी मुलाला घरीच शिकवले आणि लहान वयातच लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषांची ओळख करून दिली. १८७७ मध्ये लमिस हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थिओडोर रुझवेल्ट तेव्हा तेथेच शिकत होते. ही ओळख लमिस यांना नंतर फार उपयोगी पडली. अभ्यासापेक्षा मुष्टियुद्ध, भटकंती आणि कविता यांत त्यांचे मन अधिक रमे. भूर्जवृक्षाच्या पातळ सालीवर छापलेले कवितांचे एक छोटे पुस्तक त्यांनी विद्यार्थिदशेतच काढले आणि ते विकून पैसेही मिळवले. पदवी मात्र त्यांनी घेतली नाही. १८८० मध्ये डोरोथिया ऱ्होड्स या वैद्यकीच्या विद्यार्थिनीशी त्यांचा विवाह झाला. पुढे ओहायो राज्यातील चिलिकॉथी येथे एका स्थानिक वृत्तपत्राचे संपादकपद त्यांनी सांभाळले.

१८८४ मध्ये त्यांच्या आयुष्याने वळण घेतले. 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे हॅरिसन ग्रे ओटिस यांच्याकडून त्यांना नोकरीची संधी मिळाली. रेल्वेने काही दिवसांत पोहोचता आले असते. परंतु लमिस यांनी पायी जाण्याचे ठरवले. १२ सप्टेंबर १८८४ रोजी ते सिनसिनाटीहून निघाले आणि १४३ दिवसांत ३,५०७ मैलांची म्हणजे सुमारे ५,६०० किलोमीटरची मजल मारून १ फेब्रुवारी १८८५ रोजी लॉस एंजेलिसला पोहोचले. वाटेतून ते दर आठवड्याला वृत्तपत्राला पत्रे पाठवीत होते. कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिकोतील बर्फ त्यांनी तुडवले. ॲरिझोनात हात मोडला, तेव्हा स्वतःच हाड बसवून ते पुढे चालत राहिले. या पत्रांमुळे शहरात पाऊल टाकण्याआधीच त्यांचे नाव वाचकांच्या परिचयाचे झाले होते.

या पायपिटीने त्यांच्या मनावर एक खोल संस्कार केला. पूर्व किनाऱ्यावर वाढलेल्या अमेरिकी माणसाला देशाचा इतिहास इंग्रजांच्या वसाहतींपासून सुरू होतो असेच शिकवलेले असे. न्यू मेक्सिकोत लमिस यांना शेकडो वर्षांपासून वसलेली प्युब्लो आदिवासींची गावे दिसली. स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांनी अनोळखी वाटसरूचे मनमोकळे आदरातिथ्य केले. आपल्या देशाचा एक संपूर्ण भूतकाळ आपल्याला कोणी सांगितलाच नाही, ही जाणीव त्यांना तेथे झाली आणि ती पुढे कधीही पुसली गेली नाही.

लॉस एंजेलिस तेव्हा झपाट्याने बदलत होते. १८८० च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ११,१८३ होती. १८९० मध्ये ती ५०,३९५ झाली आणि १९०० मध्ये एक लाखाच्या पुढे गेली. सदर्न पॅसिफिक रेल्वे १८७६ मध्ये आली होती. १८८५ मध्ये सँटा फे रेल्वे येऊन पोहोचली आणि दोन कंपन्यांच्या दरयुद्धात तिकिटे अतिशय स्वस्त झाली. पूर्वेकडून माणसांचे लोंढे आले, जमिनींचे भाव चढले आणि नवे रस्ते आखले गेले. आलेल्या माणसांना जुन्या मातीच्या घरांविषयी ना आपुलकी होती ना कुतूहल. ती पाडून विटांच्या आणि लाकडाच्या इमारती उभ्या राहू लागल्या. लमिस या गडबडीच्या केंद्रस्थानी होते. 'टाइम्स'चे शहर संपादक म्हणून ते रात्रंदिवस राबत होते. १८८६ मध्ये अपाची आदिवासींविरुद्धच्या लष्करी मोहिमेचे वार्तांकनही त्यांनी केले. अखेर शरीराने हार खाल्ली. १८८७ च्या डिसेंबरात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली.

विश्रांतीसाठी ते न्यू मेक्सिकोतील सान मातेओ येथे आपल्या पायी प्रवासातील स्नेही आमादो चावेस यांच्याकडे गेले. छायाचित्रकार लमिस खऱ्या अर्थाने येथेच घडले. त्या काळी छायाचित्रण म्हणजे काचेच्या जड पट्ट्या, लाकडी कॅमेरा आणि तिकटी यांचे ओझे वाहणे होते. डावा हात निकामी असताना लमिस यांनी एका हाताने हे सारे सांभाळण्याची सवय केली. छापे काढण्यासाठी ते पुष्कळदा सर्वांत स्वस्त पद्धत वापरीत. लोहक्षार लावलेला कागद काचेखाली ठेवून उन्हात धरायचा आणि नंतर साध्या पाण्याने धुवायचा. अशाने निळ्या रंगाचे चित्र उमटे. त्यांचे कित्येक निळे छापे आजही संग्रहालयांत आहेत.

१८८८ च्या पवित्र सप्ताहात सान मातेओजवळ त्यांनी 'पेनितेन्ते' या धार्मिक बंधुसंघाचे विधी छायाचित्रांत टिपले. स्वतःला आसूडाने फोडणारे आणि क्रुसावर बांधून घेणारे ते भाविक बाहेरच्यांच्या नजरेपासून दूर राहत असत. या छायाचित्रांनी लमिस यांना प्रसिद्धी दिली. मात्र ज्यांचा विधी होता, त्यांच्या मनाविरुद्ध ती काढली गेली होती. जे दिसते ते टिपून ठेवलेच पाहिजे, या ध्यासात समोरच्याची संमती दुय्यम ठरते, हा दोष त्यांच्या कामात पुढेही अधूनमधून डोकावत राहिला. सान मातेओतील काही बलिष्ठ मंडळींशी त्यांचे वैरही झाले. १८८८ च्या अखेरीस ते रिओ ग्रांदे नदीकाठच्या इस्लेटा या प्युब्लो गावात राहायला गेले. १४ फेब्रुवारी १८८९ रोजी तेथे त्यांच्यावर बंदुकीने गोळीबार झाला. त्यातूनही ते वाचले.

इस्लेटातील वास्तव्यात लमिस हळूहळू बरे झाले. लोकांत मिसळून ते त्यांची भाषा शिकले, गोष्टी ऐकल्या, चेहरे आणि घरे टिपली. पुरातत्त्वज्ञ ॲडॉल्फ बँडेलियर यांच्याशी त्यांची गाढ मैत्री येथलीच. त्यांच्यासोबत पुढे ते पेरू आणि बोलिव्हियालाही गेले. इस्लेटाची मुले सरकारी शाळेत नेऊन ठेवली जात आणि त्यांना सुटीतही घरी सोडले जात नसे. लमिस यांनी पालकांच्या बाजूने उभे राहून न्यायालयाचे दार ठोठावले आणि मुले घरी परत आणली. याच काळात पहिला विवाह संपुष्टात आला आणि १८९१ मध्ये ईव्ह डग्लस या शिक्षिकेशी त्यांनी दुसरा विवाह केला.

१८९३ च्या अखेरीस लमिस लॉस एंजेलिसला परतले, तेव्हा 'द लँड ऑफ पोको टिएम्पो' आणि 'द स्पॅनिश पायोनियर्स' या पुस्तकांमुळे त्यांचे नाव देशभर झाले होते. लवकरच 'लँड ऑफ सनशाइन' या मासिकाचे संपादकपद त्यांच्याकडे आले. कॅलिफोर्नियात माणसे आणि भांडवल यावे म्हणून हे मासिक सुरू झाले होते. लमिस यांनी त्याला इतिहास, साहित्य आणि छायाचित्रांचे घर बनवले. पुढे त्याचे नाव 'आउट वेस्ट' झाले. छायाचित्रे थेट पानावर छापण्याचे तंत्र तेव्हा नुकतेच रुळले होते. त्याचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. ढासळती मिशने वाचकांच्या दिवाणखान्यात पोहोचली ती या पानांतून.

कॅलिफोर्नियातील या मिशनांचा इतिहास अठराव्या शतकातला. स्पेनच्या राजवटीत फ्रान्सिस्कन पंथाच्या धर्मगुरूंनी १७६९ ते १८२३ या काळात किनाऱ्याच्या पट्ट्यात एकवीस मिशने स्थापन केली. ही केवळ प्रार्थनास्थळे नव्हती. शेती, गुरे, कातडी कमावण्याचे कारखाने आणि आदिवासींच्या वस्त्या असा त्यांचा मोठा पसारा होता. मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर १८३० च्या दशकात मिशनांच्या जमिनी चर्चच्या हातून गेल्या आणि वास्तू ओस पडू लागल्या. उन्हात वाळवलेल्या विटांची भिंत डोक्यावर छप्पर असेपर्यंत शतकानुशतके टिकते. कौले काढून नेली की पावसाळ्यागणिक ती विरघळते आणि शेवटी मातीचा ढीग उरतो. शेजारपाजारच्यांनी मिशनांची कौले आणि लाकूड नेऊन आपली घरे बांधली होती. आजच्या लॉस एंजेलिस शहराच्या हद्दीत येणाऱ्या, १७९७ मध्ये स्थापन झालेल्या सान फर्नांडो मिशनाच्या आवारात तर डुकरे पाळली जात होती.

शहराच्या ग्रंथपाल टेसा केल्सो यांनी या वास्तूंच्या रक्षणासाठी आधीच प्रयत्न सुरू केला होता. त्या शहर सोडून गेल्यावर तो धागा लमिस यांनी उचलला आणि १८९५ मध्ये लँडमार्क्स क्लबची स्थापना केली. सभासदत्वाची वर्गणी होती वर्षाला एक डॉलर. लमिस स्वतः प्रोटेस्टंट घरात वाढलेले होते आणि क्लबमध्ये निरनिराळ्या पंथांची माणसे होती. कॅथलिक धर्माच्या प्रसारासाठी नव्हे, तर इतिहासाचे अवशेष म्हणून या भिंती जपायच्या आहेत, ही भूमिका त्यांनी आग्रहाने मांडली. आर्थर बेंटन आणि समनर हंट हे वास्तुविशारद मदतीला आले.

क्लबने प्रथम सान हुआन कापिस्त्रानो हे १७७६ मध्ये स्थापन झालेले मिशन भाडेपट्ट्याने घेतले. तेथील दगडी चर्च १८१२ च्या भूकंपात कोसळून प्रार्थनेला जमलेली माणसे दगावली होती. बाकीच्या इमारतीही पडायला टेकल्या होत्या. क्लबने ढिगारे उपसले, भिंतींना आधार दिला आणि छपरे पुन्हा शाकारली. त्यानंतर सान फर्नांडो, पाला आणि सान दिएगो येथील वास्तूंकडे लक्ष वळवले. या कामात लमिस यांची दृष्टी व्यवहारी होती. जुन्या वास्तूला नवे रूप देण्याची त्यांना घाई नव्हती. पाणी आत शिरणार नाही एवढी व्यवस्था आधी व्हावी, उरलेले पुढची पिढी करील, असे त्यांचे धोरण होते. छायाचित्र वास्तूचे रूप जपते, पण तिच्यावर छप्पर घालीत नाही, हे त्यांना पुरते उमगले होते. म्हणूनच मिशनांची चित्रे त्यांनी केवळ आठवण म्हणून छापली नाहीत. वर्गणी मागण्याचे ते साधन होते. १९१६ मध्ये सान फर्नांडो येथे हजारो माणसे एकेक डॉलर देऊन मेणबत्ती घेऊन जमली आणि त्या पैशांतून डागडुजीला हातभार लागला.

पाला येथील कहाणीला मात्र दुःखाची किनार आहे. वॉर्नर्स रँच या ठिकाणी उष्ण पाण्याच्या झऱ्यांजवळ कुपेन्यो आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १९०१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमिनीवरचा त्यांचा हक्क नाकारला. रुझवेल्ट त्याच वर्षी पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. आदिवासींच्या हक्कांसाठी सेक्वोया लीग ही संस्था काढणाऱ्या लमिस यांनी जुनी ओळख वापरून सरकारदरबारी प्रयत्न केले. पर्यायी जमीन शोधणाऱ्या समितीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले आणि त्यांनी पाला खोऱ्याची निवड केली. ती जमीन आधी देऊ केलेल्या जमिनीहून चांगली होती. तरीही आपल्या पूर्वजांची थडगी सोडून जाण्याची त्या लोकांची मुळीच इच्छा नव्हती. १९०३ च्या मे महिन्यात त्यांना गाड्यांत बसवून पालाला नेण्यात आले. तेथे क्लबने डागडुजी केलेले प्रार्थनागृह त्यांची वाट पाहत होते. लमिस यांना भिंती वाचवता आल्या, पण त्या माणसांचे गाव वाचवता आले नाही.

दरम्यान, शहराच्या उत्तरेस आरोयो सेको या ओढ्याच्या काठी लमिस यांनी स्वतःचे घर बांधायला घेतले होते. ओढ्यातले गोटे वाहून आणून, इस्लेटातून आलेल्या तरुणांच्या मदतीने, बरेचसे काम स्वतःच्या हातांनी करीत त्यांनी दहा-बारा वर्षांत हे दगडी घर उभे केले. आवारातील सायकामोर वृक्षांवरून त्याचे नाव एल आलिसाल ठेवले. एका खिडकीच्या तावदानांत त्यांनी स्वतः काढलेल्या छायाचित्रांच्या काचा बसवल्या. त्यामुळे दिवसाच्या उजेडात ती चित्रे घरातच उजळत. निसर्गप्रेमी जॉन म्यूर यांच्यापासून गायक, चित्रकार, अभिनेते यांच्यापर्यंत अनेकांच्या मैफली या घरात रंगल्या. याच घराने मोठा घावही सोसला. १९०० च्या नाताळच्या दिवशी त्यांचा सहा वर्षांचा मुलगा आमादो न्यूमोनियाने गेला.

१९०५ मध्ये लमिस शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख झाले. ही नेमणूक वादग्रस्त होती. मेरी जोन्स या पात्र ग्रंथपालांना, या पदावर पुरुष हवा म्हणून दूर करण्यात आले होते आणि शहरातील स्त्रियांनी त्याविरुद्ध मोठे आंदोलन केले. ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण नसलेल्या लमिस यांनी त्या जागी बसणे न्यायाचे नव्हते. पाच वर्षांत त्यांनी नैर्ऋत्येच्या इतिहासाचा संग्रह वाढवला आणि दुर्मीळ ग्रंथ चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांवर तापलेल्या लोखंडाचा ठसाही उमटवला. १९१० मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले.

छायाचित्रांत आवाज टिकत नाही, याची खंत त्यांना होतीच. १९०४ पासून त्यांनी एडिसनच्या यंत्रावर, मेणाच्या नळकांड्यांवर जुन्या स्पॅनिश कुटुंबांतील आणि आदिवासींची शेकडो गाणी मुद्रित केली. ही सारी संपत्ती ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी संग्रहालयाचा ध्यास घेतला. १९०७ मध्ये साउथवेस्ट म्युझियमची नोंदणी झाली आणि १९१४ मध्ये माउंट वॉशिंग्टनच्या टेकडीवरील त्याची वास्तू लोकांसाठी उघडली. शहरातील हे पहिले संग्रहालय मानले जाते.

लमिस यांचा उत्तरकाळ सुखाचा नव्हता. ग्वाटेमालातील उत्खननाच्या मोहिमेत जडलेल्या तापानंतर त्यांची दृष्टी गेली आणि वर्षाहून अधिक काळ ते अंधारात राहिले. त्यांच्या अनेक प्रेमप्रकरणांना कंटाळून ईव्ह घर सोडून गेल्या. तिसरा विवाहही मोडला. मासिक हातातून गेले होते आणि आपल्याच संग्रहालयाच्या विश्वस्तांशी त्यांचे पटेनासे झाले. स्पेनच्या राजाने १९१५ मध्ये दिलेला किताब तेवढा मिरवायला उरला. १९२७ मध्ये मेंदूच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर त्यांनी उरलेली पुस्तके पुरी करण्याचा सपाटा लावला. नोव्हेंबर १९२८ मध्ये एल आलिसालमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी त्या घराच्या भिंतीतच ठेवण्यात आल्या.

लमिस यांनी पेरलेले विचार त्यांच्यामागे शहरात रुजले. जुन्या चौकालगत १८१८ मध्ये बांधलेले आविला कुटुंबाचे मातीचे घर पाडण्याची वेळ आली होती. ते नागरिकांनी वाचवले आणि १९३० मध्ये ओल्वेरा स्ट्रीट हा जुन्या वळणाचा रस्ता लोकांसाठी खुला झाला. सान फर्नांडोचे चर्च १९७१ च्या भूकंपाने खिळखिळे झाले. ते उतरवून १९७४ मध्ये त्याच रूपात पुन्हा बांधण्यात आले. साउथवेस्ट म्युझियम २००३ मध्ये ऑट्री संग्रहालयात विलीन झाले.

आजचे अभ्यासक लमिस यांच्याकडे अधिक चिकित्सक दृष्टीने पाहतात. मिशनांचा काळ त्यांनी फार रम्य रंगवला, असा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. त्या कमानी ज्यांच्या हातांनी उभ्या राहिल्या, त्या आदिवासींना मिशन सोडून जाण्याची मुभा नव्हती. फटके, उपासमार आणि बाहेरून आलेल्या रोगांनी त्यांच्यातील हजारो माणसे मेली. शेवाळलेल्या कमानींच्या छायाचित्रांत ही माणसे दिसत नाहीत. न्यू मेक्सिकोतील जिवंत आदिवासींसाठी न्यायालयात उभे राहणाऱ्या लमिस यांना कॅलिफोर्नियातील मृतांचा हिशेब मांडावासा वाटला नाही, ही त्यांच्या दृष्टीची मर्यादा होती.

असे असले तरी त्या भिंती पडल्या असत्या, तर हा हिशेब मागायलाही जागा उरली नसती. मिशनांच्या आवारातील दफनभूमीत आज आदिवासींचे वंशज आपल्या पूर्वजांचे स्मरण करतात आणि शाळकरी मुलांना आता त्या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली जाऊ लागली आहे. लमिस यांना अभिप्रेत असलेला अर्थ मागे पडला, पण त्यांनी छप्पर घातलेली वास्तू टिकली आणि तिच्यात नवा अर्थ शोधण्याची संधी पुढच्यांना मिळाली. रोज नवे होऊ पाहणाऱ्या शहराला एवढा भूतकाळ मिळवून देणे, हेच त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणावे लागेल.